गडगा, वई आणि वाट: कोकणातील कुंपणाच्या नियमांचा इतिहास

आजचा धागा एका जाहिरात फलकापासून सुरू करते. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना असे फलक आता नित्याचे झाले आहेत. बंगल्यांसाठी भूखंड, समुद्रदर्शन, संपूर्ण लँडस्केपिंग, चारही बाजूंनी कंपाउंड. माझ्या आजीच्या घराशेजारची वाडी अशाच एका प्रकल्पासाठी विकली गेली आणि गेल्या ऑक्टोबरात तिथे पुरुषभर उंचीची चिऱ्याची भिंत उभी राहिली. भिंत घडवणाऱ्याने काम चांगले केले आहे, सांधे सरळ आहेत, आतल्या बाजूने शोभेचे बांबू लावले आहेत. फक्त विहिरीकडे जाणारी पाखाडी त्या भिंतीच्या आत गेली.

आजी म्हणाली, "गडगो आमच्या वेळीय होतो, पण त्याका बेडा होता." या एका वाक्यावर मी चार महिने वाचत बसले. कुंपण कसे असावे, किती उंच असावे, त्यात कोणती झाडे असावीत, त्यातून कुणाला जाऊ द्यावे, हे प्रश्न नगररचना खात्याने निर्माण केलेले नाहीत. ते फार जुने आहेत, आणि त्यांची जुनी उत्तरे आजच्या उत्तरांपेक्षा पुष्कळदा अधिक बारकाईने दिलेली आहेत.

सर्वांत जुन्या उत्तरांपैकी एक मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सापडते. मनुस्मृतीविषयी आपली मते काहीही असोत (माझी बरीच कडवट आहेत), पण तो अध्याय तत्कालीन खेड्यातील तंट्यांचा उत्तम साठा आहे. गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा चराईसाठी मोकळा सोडावा, असे तेथे म्हटले आहे. त्या पट्ट्यालगतच्या शेताला कुंपण नसेल आणि गुरांनी पीक खाल्ले, तर गुराख्याला दंड नाही. आणि कुंपण घालायचे असेल तर ते असे असावे की उंटाला त्यावरून आत पाहता येऊ नये आणि कुत्र्या-डुकराला तोंड घालण्याएवढेही भोक राहू नये. उंट कोकणात कितीसा फिरकला असेल हा प्रश्न वेगळा, पण नियमाची रीत पाहा. उंचीचे माप हातांत किंवा अंगुळांत दिलेले नाही. कुणाची नजर आणि कुणाचे तोंड अडवायचे आहे, त्यावरून दिलेले आहे.

त्याच अध्यायात सीमेवर लावायच्या झाडांची यादी आहे: वड, पिंपळ, पळस, सावर, ताड, चीक असलेली झाडे, बांबू. झाडे मरतात, कुणी रात्रीतून तोडतोही, म्हणून सीमेखाली दगड, हाडे, कोळसे, खापऱ्या अशा न कुजणाऱ्या वस्तू पुराव्यासाठी पुरून ठेवाव्यात, असाही सल्ला आहे. म्हणजे सीमेवरचे झाड शोभेचे नव्हते. ते साक्षीदार होते.

आता कोकणात येऊ. इथल्या कुंपणाचे दोन प्रकार. पहिला गडगा: जांभ्या दगडाची, बहुधा मातीचुन्याविना रचलेली, कंबरेएवढी किंवा छातीएवढी बुटकी भिंत. आमच्या सड्यावर माती कमी आणि दगड उदंड. जमीन लागवडीखाली आणायची तर दगड वेचावे लागतात, आणि वेचलेले दगड ठेवायचे कुठे तर हद्दीवर. गडगा हा एका अर्थाने शेतीचाच उपपदार्थ. दुसरा प्रकार वई: जिवंत किंवा सुक्या काटेरी झुडपांचे कुंपण. मोगली एरंड, निवडुंग, शेर, निर्गुडी, अडुळसा, करवंदीची जाळी. मोगली एरंड आणि शेर गुरे खात नाहीत, फांदी खोचली की पावसात रुजते आणि दरवर्षी छाटता येते. निर्गुडी-अडुळसा घरच्या औषधालाही उपयोगी. ही निवड कोणत्याही उद्यानतज्ज्ञाने केलेली नाही. ती गुरांच्या जिभेने केलेली आहे.

आणि दोहोंत बेडे. दोन खांबांना भोके पाडून त्यांत आडवे वासे सरकवले की झाले दार. माणूस वासे सरकवून जातो, म्हैस जात नाही. भाताची कापणी संपली की गुरे मोकळी सुटत, तेव्हा आगराचे आणि परड्याचे रक्षण करायचे ते गुरांपासून. शेजाऱ्यापासून नव्हे. दोन गडग्यांच्या मधून जाणारी पाणंद, चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी, विहिरीवर आणि देवळाकडे जाणारी वाट या गोष्टी कुंपणाच्या रचनेतच गृहीत धरलेल्या होत्या. अर्थात हे चित्र फार गोड करून पाहू नये. कोणत्या वाटेने कोणी जावे आणि कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरावे याला जातीची अदृश्य कुंपणे होतीच, आणि त्यांना बेडे नव्हते.

येथे आज्ञापत्राकडे वळते, कारण या विषयावरचा मराठीतील सर्वांत समृद्ध मजकूर तिथे आहे. त्याआधी एक दुरुस्ती. आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, या आशयाचे वाक्य 'शिवरायांचे पत्र' म्हणून दर पर्यावरणदिनी आपल्या सर्वांच्या फोनवर येते. तो मजकूर आज्ञापत्रातील आहे. आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्य यांनी इ.स. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत लिहिले. शिवाजी महाराजांच्या निधनाला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. रामचंद्रपंतांनी महाराजांच्या हाताखाली कारभार केला होता, त्यामुळे त्यात महाराजांच्या धोरणाचे प्रतिबिंब आहे असे म्हणणे रास्त आहे. परंतु 'धोरणाचे प्रतिबिंब' आणि 'महाराजांचे पत्र' यांत फरक आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो पाळावा.

तो मजकूर आहे आरमाराच्या प्रकरणात. जहाजांना लाकूड लागते. सागासारखी झाडे हुजुराची परवानगी घेऊन तोडावीत, आणखी लागतील ती परमुलखातून विकत आणावीत. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लावणाऱ्याने दीर्घकाळ जपलेली असतात. ती तोडली तर त्याच्या दुःखाला पार राहत नाही, आणि एकाला दुःख देऊन साधलेले काम करणाऱ्यासह लयाला जाते. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजबरी करू नये. हा नियम कुणासाठी आहे ते लक्षात घ्या. तो रयतेला सांगितलेला नाही. तो सरकारने सरकारच्याच अधिकाऱ्यांना घातलेला लगाम आहे.

दुसरा भाग फारसा कोणी पाठवत नाही, आणि आजच्या विषयाला तोच अधिक जवळचा आहे. दुर्गांच्या प्रकरणात गडाच्या घेऱ्यातील झाडीविषयी स्पष्ट आज्ञा आहेत. गडाची राखण ती 'कलारग्याची झाडी' करते. ती यत्नपूर्वक वाढवावी, तीतले काही कापू देऊ नये, कारण प्रसंग पडला तर बंदूकधारी शिपायांना तिच्यात दबा धरता येतो. गडाची वाट सोपी असेल तर ती मोडून तिच्यावर झाडी वाढवावी आणि दुसरीकडून अवघड वाट काढावी. आणि गडाच्या आत मात्र आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ, लिंबू-नारिंगीसारखी झाडे आणि फुलझाडे, वेलीसुद्धा लावून जपावीत; वेळप्रसंगी त्यांतले प्रत्येक लाकूड उपयोगी पडते.

बाहेर दाट पडदा, आत उपयुक्त बाग. आजच्या भाषेत याला लँडस्केपिंग आणि स्क्रीनिंगच म्हणतील. खेड तालुक्यातील महिपतगड चढताना अजूनही झाडीत वाट चुकते, तेव्हा या आज्ञांचा अर्थ पोटऱ्यांना कळतो. पण एक गोष्ट विसरता येत नाही: वाट झाडीने बुजवण्याची मुभा येथे किल्ल्याला आहे, शत्रूविरुद्ध. वाडीला, शेजाऱ्याविरुद्ध, नाही.

झाडीचा पडदा सत्तेच्या हाती गेला की काय होते याचे सर्वांत विचित्र उदाहरण इंग्रजांनी दिले. मिठावरचा कर चुकवून होणारी वाहतूक अडवण्यासाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून खाली बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे शेकडो मैल जकातीची रेषा आखली आणि तिच्या मोठ्या भागावर चक्क जिवंत कुंपण वाढवले. बाभूळ, बोर, निवडुंग, शेर आणि आपली ओळखीची करवंद. काही वर्षे या कुंपणाची व्यवस्था ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे होती. होय, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. १८७९ मध्ये ही रेषा मोडीत निघाली आणि कुंपण इतके विस्मरणात गेले की शतकभराने एका इंग्रज लेखकाला ते शोधत गावोगाव फिरावे लागले. कोकणात ज्या झुडपाने म्हैस अडवली, त्याच झुडपाने तिकडे गरिबाच्या ताटातले मीठ अडवले.

रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रजी अमलाने तीन गोष्टी बदलल्या. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याची व्यवस्था सरकारी झाली; मोकाट जनावर कोंडून दंड घेता येऊ लागला. जमिनीच्या मोजणीने हद्दीचा साक्षीदार बदलला: झाडाच्या जागी नंबर असलेला दगड आणि नकाशावरची रेषा आली. खोतीमुळे ही मोजणी येथे भांडणांशिवाय झाली नाही, आणि ती भांडणे १८८० च्या खोती कायद्यापर्यंत आणि त्याही पुढे चालली. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

तिसरी गोष्ट म्हणजे १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, आणि येथे जरा थांबा, कारण हा कायदा आजही जिवंत आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली किंवा पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बांध घालून वळवला, तर तालुक्याच्या मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, दाद मागता येते. अट एकच: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता शेतकऱ्याची वाट मोकळी व्हावी, हा हेतू. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १४३ आले आणि शेजारच्या जमिनीच्या हद्दीवरून शेतात जाण्याच्या हक्काची चौकशी तहसीलदाराने करावी, अशी तरतूद झाली. कुंपणाविषयीचे कायदे वाचताना मला सर्वांत जास्त आवडले ते हे दोन. बेड्याची आठवण असलेले कायदे आहेत हे.

स्वातंत्र्यानंतर झाडाचा नियम आणि कुंपणाचा नियम वेगवेगळ्या खात्यांत गेले. १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याच्या विनियमन कायद्याने काही जातींची झाडे, ती खाजगी जमिनीत असली तरी, परवानगीशिवाय तोडण्यास बंदी केली. या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ, चिंच यांच्यासह आंबा आणि फणस आहेत. आज्ञापत्रातील जोडी अडीचशे वर्षांनी पुन्हा कायद्यात आली, पण उलट्या दिशेने: तेव्हा सरकारचा हात आवरला होता, आता मालकाचा आवरला गेला. आमच्या जिल्ह्यात सरकारी वनजमीन अगदीच अल्प, जवळपास सारे रान खाजगी. त्यामुळे या कायद्याचा जाच इथल्या शेतकऱ्याला जितका जाणवतो तितका इतरत्र क्वचितच. त्याची बाजूही ऐकायला हवी. स्वतः लावलेले झाड मुलीच्या लग्नाला तोडायचे तर अर्ज का करावा, हा प्रश्न निर्बुद्ध नाही.

शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा झाला. नगरपालिका क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण आले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला 'हेरिटेज ट्री' ठरवले आणि एक झाड तोडल्यास त्याच्या वयाच्या वर्षांइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. साठ वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात साठ रोपे. गणित नीट आहे. पण जीर्ण झाड न्यायचे तर धन्याचा संतोष पाहावा, असे लिहिणाऱ्या अमात्यांना झाडाचे हे गणित कितपत रुचले असते?

किनाऱ्यावर आणखी एक नियमावली लागू होते. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या दोनशे मीटरांत नवे बांधकाम जवळपास बंद, आणि त्यापुढच्या पट्ट्यात इमारत नऊ मीटरांपेक्षा उंच नको. पर्यटन निवासांसाठीच्या अटी पुढे २०११ च्या अधिसूचनेतही आल्या आणि त्या मुळातून वाचण्यासारख्या आहेत. वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत. दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान वीस मीटर रुंद मोकळी जागा असावी. आणि खाजगी मालमत्तेभोवती जिवंत कुंपण, किंवा झाडोऱ्याने झाकलेली काटेरी तार, चालेल. मात्र त्याने किनाऱ्याची सार्वजनिक वाट कोणत्याही प्रकारे अडता कामा नये.

दिल्लीत बसलेल्या कुणीतरी वई आणि बेडे यांची शिफारस केली, नाव न घेता. मला हे वाचून विलक्षण आनंद झाला होता. नंतर गुहागरपासून आरे-वाऱ्यापर्यंत फिरताना किती ठिकाणी जिवंत कुंपण दिसते आणि किती ठिकाणी सिमेंटचे, ते मोजू लागले आणि मोजणे सोडून दिले.

आता आजचा मुख्य ग्रंथ. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळता साऱ्या राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू झाली. चार हजार चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, आणि झाडे लावण्याच्या अटी असतात. आवारभिंतीची उंची साधारण दीड मीटर, ती २.४ मीटरपर्यंत नेता येते, पण वरचा ९० सेंटीमीटरचा भाग जाळीदार, उघडा हवा. रस्त्याच्या कोपऱ्यावर भिंत आणखी बुटकी, म्हणजे वळणारी गाडी दिसावी. उंटाच्या जागी मोटार आली. नियमाची रीत मात्र काहीशी तीच: कुणाला काय दिसावे आणि काय दिसू नये.

या नियमावलीवर माझा आक्षेप हा की तिच्या डोळ्यांना सडा दिसत नाही. सातबाऱ्यावर जो 'पोटखराब' असतो तो आमचा कातळ आठ महिने काळाठिक्कर आणि पावसाळ्यात फुलांनी भरलेला असतो. सीतेची आसवे पाहायची असतील तर ऑगस्टात या. तेथे झाड नसणे हाच निसर्ग आहे. शिवाय त्याच कातळावर कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातील स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीला ग्रामस्थांनी हत्तीच्या शिल्पाभोवती चिऱ्यांची भिंत बांधली, आणि कुंपण शहाणपणाने कसे वापरावे याचे ते उदाहरण आहे.

पण जेथे शिल्प कुणी पाहिलेलेच नाही, तेथे भूखंड पाडताना कातळावर दोन फूट माती पसरून हिरवळ लावली, तर तो विकास नियमाप्रमाणे निर्दोष ठरू शकतो. झाडे मोजली जातात, मोकळी जागा मोजली जाते, खाली काय गेले ते मोजण्याचा रकाना नाही. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने सड्यावर हापूसची कलमे चढली. तेव्हाही सुरुंग लावून खड्डे खोदले गेले आणि गडगे उठले. त्या बागांनी घरे तगवली हे मान्य करूनच हे लिहिते आहे, आमचेही तगले.

इंग्लंडमध्ये १९९७ चे नियम आहेत. तेथे ठरावीक लांबीची शेतकुंपणे उपटण्यापूर्वी मालकाला स्थानिक प्राधिकरणाला सूचना द्यावी लागते. गंमत अशी की त्यांतली बरीच कुंपणे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामायिक कुरणे खाजगी करण्यासाठी लावली होती. अन्यायाने लावलेली झुडपे दोनशे वर्षांत वारसा झाली. आपल्याकडे उलट: सामायिक वाटा सांभाळणाऱ्या गडग्याला आणि वईला कोणत्याही यादीत स्थान नाही. ना वारसा यादीत, ना वृक्षगणनेत, ना बांधकाम नकाशात. मोगली एरंडाची शंभर वर्षांची रांग ही कायद्याच्या दृष्टीने झुडपे आहेत.

आता आजीच्या पाखाडीचे. भिंत उभी राहिली ऑक्टोबरात. कुटुंबात कुणालाच १९०६ च्या कायद्याची कल्पना नव्हती. शेजारच्या प्रकल्पाच्या माणसाशी दोनदा बोलणे झाले, तो नम्रपणे म्हणाला की नकाशात वाट दाखवलेली नाही. ते खरेच होते. पाखाड्या नकाशात क्वचितच असतात, त्या पायांत असतात. मला कायदा सापडला तो जूनमध्ये, ग्रंथालयात, भलतेच काही शोधताना. सहा महिने उलटून गेले होते. आता कलम १४३ खाली अर्ज केला आहे. पाखाडीच्या टोकाशी विहिरीखालचे आमचे भाताचे खाचर आहे, त्यावर भिस्त ठेवून. पुरावा म्हणून गावातल्या तीन वृद्धांचे जबाब, आत्याच्या लग्नाचा पाखाडीवर काढलेला फोटो आणि जुना गडगा जिथे होता तिथे अजून उभी असलेली दोन भोके पाडलेल्या खांबांची जोडी दाखवली आहे. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.

तुमच्या घराजवळ असे खांब असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा, तारखेसह. आणि वाट अडली असेल तर आधी महिने मोजा.